नवजात बाळाच्या लशी आणि आईवडिलांची संमती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिचारिका आहे. प्रसूतिगृहात काम करताना बाळंतिणी, त्यांच्या आया, सासवा आणि बाहेर बाकड्यावर बसलेले वडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. लशींवर माझा विश्वास आहे, हे आधीच सांगते. पण बाळाला काय देतोय ते आईला न सांगता देणं मला पटत नाही. या दोन्ही गोष्टी मनात धरून ही उत्तरं लिहिली आहेत.

जन्मल्यावर लगेच बाळाला काय काय देतात?

सरकारी वेळापत्रकात जन्माच्या वेळच्या तीन लशी आहेत. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, डाव्या दंडावर, कातडीच्या अगदी वरच्या थरात टोचतात. पोलिओचे दोन थेंब तोंडात घालतात, त्याला ‘झिरो डोस’ म्हणतात. हिपॅटायटिस बीची लस मांडीत देतात.

याशिवाय मांडीत आणखी एक इंजेक्शन असतं, व्हिटॅमिन केचं. ती लस नाही. नवजात बाळाच्या रक्तात गोठण्यासाठी लागणारं हे जीवनसत्त्व फार कमी असतं, त्यामुळे मेंदूत किंवा आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. तो टाळायला ते देतात. ‘आम्हाला लस नको’ म्हणणारे पालक पुष्कळदा याच इंजेक्शनलाही नाही म्हणून बसतात. म्हणून प्रत्येक सुईचं नाव वेगळं विचारा.

त्यासाठी आमची परवानगी घ्यायलाच हवी का?

हो. बाळ स्वतः हो किंवा नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने पालक बोलतात. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला पालकाची संमती असावी लागते, ही तरतूद जुन्या भारतीय दंड संहितेत होती आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे.

संमती म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात नीट सांगितलं आहे. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईला विचारून मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. रुग्ण सज्ञान होती आणि जिवावर बेतलेलं काही नव्हतं, म्हणून न्यायालयाने ती संमती मानली नाही. उपचार काय आहे, कशासाठी आहे, फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय आहे का आणि उपचार नाकारला तर काय होईल, इतकं रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगितलेलं असावं, असं त्या निकालात आहे. तो खटला लशीचा नव्हता. पण हे सहा मुद्दे बाळाच्या पहिल्या सुईलाही लागू करावेत, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्यक्षात सरकारी दवाखान्यात वेगळी लेखी संमती सहसा घेत नाहीत. बाळाला घेऊन तुम्ही लसीकरणाच्या खोलीत आलात, बाही वर केलीत, की तीच संमती समजतात. उपकेंद्रात आपल्या पायाने आलेल्या आईबाबत ते ठीक आहे. पण प्रसूतीनंतर तासाभरात बाळ आईपासून दूर, दुसऱ्या खोलीत असतं, तेव्हा कोणी कोणाला काय विचारलं?

भरती होताना बऱ्याच कागदांवर सह्या केल्या. त्यात हे आलं नाही का?

कागदावर कदाचित आलं असेल. तुमच्या मनात आलं का, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट सांगते. सिझर झालं. भूल उतरल्यावर लेक कुशीत आली, एका जुन्या मऊ सुती साडीच्या दुपट्यात गुंडाळलेली. दुपटं उघडलं तर डाव्या दंडावर टोचल्याची खूण आणि मांडीवर कापसाचा बोळा चिकटवलेला. मी स्वतः परिचारिका. हजारो बाळांना मी टोचलेलं. तरी त्या क्षणी पोटात गलबललं, कारण मला कोणी एक शब्द बोललं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘मिस्टरांनी सही केलीय ना.’ नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘पाच-सहा कागद होते, तुला आत घेत होते, मी कुठे काय वाचलं!’

लशी योग्यच होत्या. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. पण ते ‘हो’ माझं होतं आणि ते कोणी मागितलंच नाही. त्या दिवसापासून मी बाळाची सुई हातात घेण्याआधी आईच्या खाटेजवळ जाऊन तिला सांगते. दोन मिनिटं लागतात. कळा देणाऱ्या बाईकडून किंवा घाबरलेल्या नवऱ्याकडून घेतलेली सरसकट सही म्हणजे संमती, असं मी मानत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, बाळाचे बाबा पुण्याला, आणि सासूबाई फोनवर ‘आत्ता काही टोचू नका’ म्हणतात. कोणाचं ऐकायचं?

हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला आहे की तो पहिलाच लिहायला हवा होता.

बाळाची आई तिथे आहे, शुद्धीवर आहे, तर तिचा शब्द पुरेसा आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात वडिलांनंतर आई असं लिहिलेलं आहे, पण १९९९ साली गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ ‘वडील हयात नसताना’ असा न घेता ‘वडील प्रत्यक्ष उपलब्ध नसताना’ असा घेतला. बाबा पुण्यात आणि बाळ तालुक्याच्या दवाखान्यात, ही तीच परिस्थिती. आजी, आजोबा, मामा, आत्या यांचं म्हणणं ऐकावं, पण बाळाच्या संमतीवर त्यांची सही लागत नाही आणि त्यांच्या नकाराने आईचा होकार रद्द होत नाही.

सासूबाईंची भीती मात्र झटकून टाकू नका. बहुतेक वेळा ‘एवढ्याशा जिवाला कशाला सुया’ एवढंच त्यात असतं. मी फोन स्पीकरवर ठेवायला सांगते आणि ‘आजी, तुमचं नातवंड बघायचंय का?’ असं म्हणून सुरुवात करते. सांगितलं की दहातल्या नऊ आजी ऐकतात. आई आणि बाबा यांच्यातच मतभेद असतील तर दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोला. कॉरिडॉरमध्ये भांडून बाईवर दबाव आणू नका, ती नुकती बाळंत झालेली असते.

आपल्याकडे लस कायद्याने सक्तीची आहे का?

नाही. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे, लशी मोफत आहेत, आशाताई घरी येऊन आठवण करून देतात. पण बाळाला लस दिली नाही म्हणून आईवडिलांना शिक्षा करणारा देशव्यापी कायदा नाही.

दोन निकाल माहीत असावेत. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेचं प्रकरण आलं. पालकांनी नकार कळवला नाही म्हणजे त्यांची संमती आहे, असं धरून चालता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. गप्प राहणं म्हणजे होकार नाही. दुसरा निकाल २ मे २०२२चा, सर्वोच्च न्यायालयाचा, जेकब पुलियल प्रकरणातला. तो कोविडच्या लशीबद्दल होता. राज्यघटनेच्या कलम २१ खाली शरीरावरचा अधिकार प्रत्येकाचा आहे, म्हणून कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, असं त्यात आहे. त्याच निकालात सरकारचं लसीकरणाचं धोरण मनमानी नाही, असंही म्हटलेलं आहे, आणि लशीनंतरच्या त्रासाची माहिती लोकांना सहज मिळाली पाहिजे, असंही. समाजमाध्यमांवर यातलं पहिलं वाक्य तेवढं फिरतं.

इथे एक गोष्ट मला बोलायलाच हवी. तो निकाल स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः ठरवणाऱ्या माणसाचा आहे. बाळाचं शरीर बाळाचं आहे. आपण त्याचे पालक आहोत, मालक नाही. ‘माझं मूल, माझी मर्जी’ हे वाक्य ऐकलं की मला म्हणूनच अस्वस्थ वाटतं. निर्णय तुमचाच, पण तो बाळाच्या भल्याच्या मापाने घ्यायचा.

पूर्वी सक्ती होती ना?

होती, देवीच्या लशीची. भारतातली पहिली लस मुंबईतच दिली गेली, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने मुलांना देवी टोचणं बंधनकारक झालं. माझी पणजी सांगायची, देवी काढणारा गावात आला की बायका पोरांना कणगीमागे लपवायच्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी शिपाई थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. हेतू साथ आवरण्याचा होता, पण लोकांच्या मनात राहिली ती बेअब्रू आणि तो राग. त्यातून काय घडलं ते महाराष्ट्राला शिकवावं लागत नाही. सार्वजनिक आरोग्याचं काम करणाऱ्याने ते साल विसरू नये.

हिपॅटायटिस बी चोवीस तासांतच का? माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे.

सगळ्यांत जास्त शंका या लशीवर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा यकृताचा आजार. विषाणू रक्तातून आणि शरीरातल्या स्रावांतून पसरतो, आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला लागू शकतो. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक वेळा शरीर त्याला हुसकावून लावतं, कायमचा आजार शंभरातल्या पाचांहूनही कमी जणांना राहतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांत मात्र शंभरातल्या सुमारे नव्वद जणांत तो कायम घर करतो. वर्षानुवर्षं काही दिसत नाही, मग तिशी-चाळिशीत यकृत कडक होतं किंवा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली भारतात असे सुमारे तीन कोटी लोक होते. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे हे माहीत नसतं.

विषाणू बाळाच्या यकृतात पाय रोवण्याआधी लस पोचली पाहिजे, म्हणून चोवीस तास. जितकी लवकर तितकी चांगली. तो वेळ गेला तर आपल्याकडे जन्माचा डोस पुढे देत नाहीत, सहाव्या आठवड्याच्या पेंटाव्हॅलंटमधून, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लशीतून, सुरुवात होते.

तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर धोका खूपच कमी आहे, हे खरं आहे आणि ते तुम्हाला कोणी लपवू नये. पण तपासणी कितव्या महिन्यात झाली, त्यानंतर लागण झाली का, रिपोर्ट भलत्याच केसपेपरला तर लागला नाही, हे प्रश्न उरतात. शिवाय घरात आजोबा, काका, शेजारी यांच्या रक्ताशी किंवा स्रावांशी बाळाचा संबंध येऊ शकतो. त्यांची तपासणी कोणी केलेली नसते. आपल्या परिस्थितीत हा डोस घ्यावा, असं मी प्रत्येक आईला सांगते.

तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर बारा तासांच्या आत लस आणि सोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन हवं. ते प्रत्येक दवाखान्यात तयार नसतं. कळा सुरू झाल्यावर धावाधाव नको, आठव्या महिन्यातच विचारून ठेवा.

अमेरिकेत हा डोस आता ऐच्छिक झालाय. मग आपल्यालाच का?

डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारी सल्लागार समितीने सुचवलं की आई निगेटिव्ह असेल तर जन्माचा डोस द्यायचा का, हे पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. १९९१ पासून तिथे सगळ्या बाळांना डोस देण्याची शिफारस होती. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र ती शिफारस सोडलेली नाही. आपल्या सरकारने वेळापत्रक बदललेलं नाही. आणि ज्या देशात कोट्यवधी लोकांत हा विषाणू आहे, सगळ्या गरोदर बायकांची तपासणी वेळेवर होतेच असं नाही, तिथे दुसऱ्या देशाचा निर्णय जसाच्या तसा उचलण्यात बाळाचा फायदा मला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे बीसीजी सगळ्यांना देत नाहीत, पण ज्या बाळाचे आईवडील किंवा आजीआजोबा क्षयरोग जास्त असलेल्या देशात जन्मलेले आहेत त्यांना देतात. म्हणजे लंडनमधल्या मराठी घरातलं बाळ बहुधा त्यात येतं. तिथे ती सुमारे चार आठवड्यांनी देतात. घाबरू नका, पण विचारायला विसरू नका.

बीसीजीची गाठ पिकली आहे. लसीत काही गडबड होती का?

नाही, ती तशीच वागते. टोचताना चण्याच्या डाळीएवढा फुगवटा येतो आणि थोड्या वेळाने बसतो. दोन ते चार आठवड्यांनी तिथे लाल पुळी उठते, ती फुटते, थोडा पू येतो, खपली धरते, आणि दोन-तीन महिन्यांत लहानसा वण राहतो. हळद, तेल, कापूर, मलम काही लावू नका, दाबू नका, शेकू नका. आंघोळ नेहमीसारखी घाला. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम भरतच नसेल तर दाखवा. वण उमटला नाही म्हणून पुन्हा टोचायची गरज नाही.

ही लस मोठेपणीच्या फुप्फुसाच्या क्षयापासून फारसं संरक्षण देत नाही. तामिळनाडूतल्या चिंगलपेटच्या मोठ्या चाचणीत ते स्पष्ट झालं. तरी ती देतात, कारण लहान मुलांतला मेंदूचा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय ती बऱ्याच प्रमाणात रोखते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. हे दोन्ही सांगितलं तरच संमती प्रामाणिक होते. फायदा फुगवून सांगणाऱ्या कर्मचाऱ्यावर लोकांचा विश्वास पुढच्या लशीला राहत नाही.

बाकीच्या दोन लशींचा धोका किती?

हिपॅटायटिस बीनंतर मांडी थोडी दुखते, क्वचित अंग कोमट होतं. तीव्र ॲलर्जी साधारण दहा लाख डोसांमागे एकाला येते. म्हणून लशीनंतर अर्धा तास नजरेसमोर राहायचं. पोलिओचे थेंब जिवंत पण अशक्त केलेल्या विषाणूचे असतात, आणि लाखो डोसांमागे एखाद्या बाळाला त्यातूनच लुळेपणा येऊ शकतो. हे ऐकून आई गप्प होते, मला ते दिसतं. पण मी सांगते, कारण विचारणाऱ्या माणसाला हे कुठेतरी वाचायला मिळणारच आहे. हा धोका कमी करण्यासाठीच २०१६ साली थेंबांतून टाइप दोनचा विषाणू काढला आणि सहाव्या आठवड्यापासून इंजेक्शनची पोलिओ लसही जोडली. देशातला जंगली, म्हणजे लशीतून न आलेल्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, हावड्यातला.

घरात एचआयव्ही, क्षय किंवा आधीचं बाळ दगावल्याचा इतिहास असेल तर?

लशीआधी डॉक्टरांना एकट्यात सांगा. बीसीजी जिवंत लस आहे, जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळाला ती धोक्याची ठरू शकते. तुमची माहिती गुप्त ठेवणं ही त्यांची जबाबदारी आहे.

‘आत्ता नको, विचार करून सांगतो’ म्हटलं तर दवाखाना काय करू शकतो?

तुम्हाला नीट समजावू शकतो, नकार लिहून सही घेऊ शकतो. जबरदस्ती करू शकत नाही, आणि नकारावरून बाळाचे बाकीचे उपचार, डिस्चार्ज किंवा जन्माची नोंद अडवू नये. सही घेतली म्हणून घाबरू नका, उद्या मत बदललं तर दार उघडं असतं. पोलिओचा झिरो डोस पंधरा दिवसांपर्यंत देता येतो, म्हणजे बारसं झाल्यावरही. बीसीजी एक वर्षापर्यंत. घाई फक्त हिपॅटायटिस बीला आहे.

मी इतकंच विचारते की विचार करायला कोणती माहिती हवी आहे. पुष्कळदा उत्तर असतं, ‘बाळाच्या बाबांशी बोलायचंय.’ मग फोन लावून देते. कुणाला ओरडून, ‘शिकले-सवरलेले असून असं कसं’ म्हणून हिणवून लस दिली, तर ते बाळ सहाव्या आठवड्याला परत येत नाही. २०२२च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराने मुलं गेली, त्यात लस न मिळालेली बरीच होती. गोवराची लस नवव्या महिन्यात असते. पहिल्या दिवशी तुटलेला विश्वास नऊ महिन्यांनी कसा सांधायचा?

कुपी बघायला मागितली तर चालेल का?

जरूर मागा. नाव आणि मुदत वाचा. लेबलवर किंवा झाकणावर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस उन्हा-गरमीत बिघडलेली नाही. दोन्ही सारखे गडद दिसले तर ती वापरायची नाही. सुई नवी, तुमच्यासमोर फोडलेली असावी. बीसीजी सोबतच्या सलाइनमध्ये मिसळल्यावर चार तासांत संपवावी लागते आणि एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात, म्हणून काही ठिकाणी ती ठरलेल्या वारीच देतात. त्याला टाळाटाळ समजू नका, तारीख मात्र कार्डावर लिहून घ्या.

हे सगळं कधी विचारायचं?

सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीला. डोहाळजेवणाच्या धामधुमीत एक दुपार यासाठी ठेवा. जन्मानंतर बाळाला कोण, कुठे, काय टोचणार. मला आधी सांगाल ना. माझी हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची तपासणी झाली का. त्रास झाला तर रात्री कोणाला फोन करायचा. इतकं विचारलं तरी पुरे. डॉक्टर घाईत असतील तर सिस्टरला किंवा आशाताईला विचारा. आम्हाला वेळ नसतो हे खरं आहे, पण विचारलेलं आवडतं.

लस दिल्यावर त्रास झाला तर?

बाळ निपचित पडलं, दूध ओढेना, श्वास लागला, झटका आला, तर १०८ला फोन करून सरळ दवाखाना गाठा. नंतर जिथे लस दिली तिथे त्या घटनेची नोंद करायला सांगा. लशीनंतरच्या त्रासाची नोंद आणि तपासणी करणारी जिल्हा पातळीवर समिती असते. ‘असं होतंच’ म्हणून परत पाठवलं तर लेखी अर्ज द्या.

कार्ड माहेरी राहिलं, आता सासरी आलोय.

माहेरच्यांना आजच दोन्ही बाजूंचा फोटो पाठवायला सांगा. बॅच नंबर आणि तारीख स्पष्ट दिसू द्या. नोंद यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर झाली असेल तर मोबाइल नंबरवरून ती कुठूनही सापडते. कार्ड मिळेपर्यंत सहाव्या आठवड्याचा डोस अडवून ठेवू नका, बाळाला घेऊन या, दंडावरची खूण आम्ही बघू.